वहिनीचे ग्लॅडिओलस

१९ ऑक्टो. ८६, रवि.
दादाची ट्रंक वहिनीने आज उघडली. चार महिन्यांनी. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले ग्लॅडिओलसचे कंद. एप्रिलात दादाने बेळगावहून आणलेले, पाऊस गेल्यावर लावू म्हणाला होता. जूनमध्ये काविळीने गेलाच. बारातले दोन कुजलेले. दहा वहिनीने विहिरीकडे वाफा उंच करून लावले.
आई ओसरीवरून, "ह्या फुलांक वास नाय, देवाक चलनत नाय. कित्याक लावतंस?"
"तेंनी हौसेन आणलले. कुजान दिऊ?"


२ नोव्हें.
सगळीकडे दिवाळी, आमच्याकडे यंदा नाही. नऊ कोंब वर आलेत. वहिनी नीट जेवली.

३० नोव्हें.
शेजारच्या काकी आईला, "वरीस सरूक नाय आणि सुनेक फुलांची हौस!" वहिनी तिथेच पाणी काढत होती. ऐकलं असणार. रहाट थांबला नाही.

११ जाने. ८७
पहिला दांडा फुलला. केशरी, आत पिवळट. खालून एकेक उमलत जातं. वहिनी हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा...

१६ जाने., शुक्र.
शाळेत मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ. सजावट आम्हा शिक्षकांकडे, म्हणून मी लवकर गेले होते. सोबतच्या परब गुरुजींना आमच्या घरी पाठवलं, वहिनीकडून चार दांडे घेऊन या म्हणून. टेबलावर काय शोभले! सगळे विचारत होते कुठले, कुठले.
संध्याकाळी घरी आले तर वाफा उपटलेला. काकींनी बघितलं होतं: परका मास्तर कुंपणाशी, वहिनी हसून फुलं देतेय. आईने सगळी झाडं कंदांसकट दगडी गडग्यापलीकडे फेकली. हात चिखलाने भरलेले. "घराची अब्रू घालवलंस!" वहिनी माझ्याकडे बघत होती.
मी पाठवलं होतं, एवढंच सांगायचं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर गुरुजी माझं एवढं का ऐकतात, ते निघालं असतं. चपला काढून सरळ आत गेले.

१८ जाने.
वहिनीचा भाऊ येऊन तिला खारेपाटणला घेऊन गेला. एस.टी. स्टँडवर पोचवायला मी गेले. गाडीत चढताना म्हणाली, "मास्तरांनी तुजाच नाव सांगल्यानी. मी आयेकडे बोलूक नाय हां." मला तिच्या हातातली पिशवी वर द्यायचंही सुचलं नाही.

२७ जाने.
गुरुजींनी विचारलं, घरी येऊन आईंशी बोलू का? नको म्हटलं, आत्ता नको. वहिनी कशा आहेत विचारलं. माहेरी गेलीय, एवढंच सांगितलं.

८ फेब्रु., रवि.
वहिनीच्या भावाचं पत्र. ताई दोन घासांपलीकडे खात नाही, बोलत नाही. तुम्ही बोलावलंत तर आणून सोडतो. आईला वाचून दाखवलं. आई बराच वेळ पदराचा काठ चोळत बसली.
"येऊ दे म्हणान लिव. पण तो मास्तर कित्याक इल्लो, तां आधी तिना खरा सांगूक होया. तसा लिव."
अंतर्देशीय घेऊन बसलेय. तारीख घातली. 'प्रिय वहिनी' लिहिलं. आई समोरच तांदूळ निवडतेय.
आत्ताच विचारलंन, "लिवलंस गो?"