पॉलिश ओलं असताना

हैदराबाद,
गुरुवार, १० फेब्रुवारी १९९४

प्रिय दादा,

तुला आणि रंजनावहिनींना नमस्कार. राणीला माझ्याकडून जवळ घे. देगलूरला सगळे बरे असाल. माझा ताप उतरला आहे. काल भात खाल्ला.

आधी अक्षर नीट बघ. माझंच आहे. उजवा हात वाचलाय. डावा खांद्यापर्यंत पट्ट्यांत आहे, त्यामुळे कागद धरता येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या रजिया आपा डबा घेऊन आल्यात, त्यांनी ताटाने दाबून ठेवलाय. त्यांना मराठी वाचता येत नाही. मला कोणी सांगून लिहायला लावत नाहीये, एवढं तुला कळावं म्हणून हे लिहिलं.

रविवारी तू आलास तेव्हा मी इंजेक्शनच्या गुंगीत होते. जाग आली तर तू गेला होतास, माझ्या राणीला घेऊन. आणि ह्यांना चौकीत बसवून ठेवलं होतं, रात्री सोडलं. "माझ्या बहिणीला नवऱ्याने जाळायचा प्रयत्न केला," असं तू लिहून दिलंस म्हणे. सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मला आधी समजलंच नाही की ते माझ्याबद्दल आहे.

दादा, मी टेबलाला पॉलिश करत होते.

इन्स्पेक्टरांना हेच सांगितलं तर ते हसले. "औरतां कब से बढई का काम करने लगे अम्मा?" म्हणाले, आणि स्वयंपाक करताना गॅसचा भडका, असं लिहून घेतलं. तुलाही खोटंच वाटेल. चूक माझी, माहेरी मी कधी बोलले नाही. आमच्या अंबरपेठच्या घराला दारं-खिडक्या बसवायला सुतार आला होता आठवतंय? त्याच्याजवळ चहा द्यायच्या निमित्ताने मी उभी राहायचे. तो रंधा कसा धरतो, पटाशी कुठल्या बाजूने मारतो, बघत बसायचे. तो गेल्यावर उरलेल्या तुकड्यांचा एक पाट केला. डुगडुगायचा. दुसरा डुगडुगला नाही. मग राणीचं पुस्तकांचं कपाट. मागच्या दिवाळीत तू त्यावर बॅग ठेवलीस आणि विचारलंस, कुठून घेतलं? मी म्हटलं, कोठीच्या बाजारातून. बाईमाणसाने करवत चालवावी हे तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं, दुसरं काही नाही.

हे टेबल जेवणाचं होतं, सहा जणांचं. एका जुन्या घराच्या पाडकामातलं सागवान मिळालं होतं. वरून काळं, रंधा मारला की आतून मधासारखं निघायचं. पायांना खाचा करून आडव्या पट्ट्यांची कुसवं, म्हणजे तासलेली टोकं, त्यात बसवली, खिळा एकही नाही. कुसू जाड झालं तर पाय चिरतो, बारीक झालं तर टेबल हलतं. एक पाय चिरला म्हणून पुन्हा केला. दुपारी सासूबाई झोपल्या की कामाला बसायचं. हातात काम असलं की डोक्यातलं सगळं गप्प होतं बघ.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात. स्पिरिट लवकर पेटतं. मी गॅस लावला आणि भडका झाला. बस, एवढंच.

तुमच्या शेजारचे एकनाथराव दुकानासाठी औषधं घ्यायला कोठीच्या बाजारात आलेत, उद्या देगलूरला परततील. त्यांच्याच हाती हे पत्र देते. फोन करू नको, वॉर्डातून मला उतरता येत नाही. तक्रार मागे घे आणि राणीला आण. तिची परीक्षा जवळ आली आहे.

तुझी,
त्रिवेणी


हैदराबाद,
शनिवार, १२ फेब्रुवारी

दादा,

एकनाथराव आज परत आले, मुद्दाम. बिचाऱ्यांना तुझा निरोप सांगवेना. शेवटी खाली बघतच बोलले: "नामदेवराव म्हणतात, गॅस बापाने लावला असं पोरीने मला सांगितलंय. सोमवारी मी पोरीला घेऊन येतो, ती पोलिसांसमोर बोलेल. त्रिवेणीने खोटं लिहिलंय, म्हणजे ती भ्यालीय."

हो. गॅस ह्यांनी लावला. राणी खरं बोलली.

मी खोटं का बोलले ते सांगते, आणि त्याआधीचंही सांगते. नाहीतर तू अर्ध्यावरच निकाल देशील.

ह्यांनी सरकारी कारखान्याची नोकरी सोडली हे तुला माहीत आहे. आता टीव्हीच्या नव्या कंपनीत आहेत. तिथे पगार मोठा, आणि भीतीही मोठी. विक्री कमी झाली की माणूस घरी. दिल्लीहून येणाऱ्या साहेबांना ह्यांनी जेवायला बोलावलं होतं. त्यासाठी चिक्कडपल्लीच्या दुकानात एक टेबल बघून आले, वर काच, पाय चकचकीत. मी म्हटलं, माझं होत आलंय. हे म्हणाले, "दिल्लीच्या माणसांसमोर घरी ठोकलेलं टेबल मांडू? सुताराचं घर वाटेल." मला ते फार लागलं. मीही बोलले. "चांगली नोकरी सोडून दारोदार टीव्ही विकता, तेव्हा नाही का काही वाटत?" म्हटलं. मग चार-पाच दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. राणीमार्फत निरोप चालायचे.

त्या शनिवारी मी हट्टाने पॉलिशला बसले. नव्या टेलिफोनच्या तारांसाठी रस्ता खणलाय, धुळीचा लोट येतो, आणि पॉलिश ओलं असताना धूळ बसली की सगळं वाया. म्हणून खिडक्या बंद केल्या. वास डोक्यात चढत होता, पण हात थांबवता येत नव्हता, थांबलं की डाग राहतो. स्वयंपाकघराच्या दाराशीच बसले होते, स्पिरिटचं भगुणं डाव्या हाताला.

हे कामावरून आले. टेबलाकडे बघत उभे राहिले. मी मान वर केली नाही. ह्यांनी वाकून टेबलाच्या पायावरून बोट फिरवलं, खाली, जिथे पॉलिश वाळलं होतं तिथे. मग म्हणाले, "चहा टाकू का तुला?"

दादा, लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला कधी चहा करून दिलेला नाही. मी फक्त "हूं" म्हटलं. तेवढ्यानेच माझे डोळे भरून आले होते, म्हणून सुचलं नाही. खोलीभर स्पिरिट आहे, हे मला माहीत होतं. ह्यांना नव्हतं. मी सांगायला हवं होतं.

ह्यांनी गॅस लावला आणि पेटती काडी नेहमीसारखी मागे फेकली. ती भगुण्यात पडली की नुसती जवळ, देव जाणे. जमिनीवरून निळी आग धावत आली. पदर, मग हात.

तू राणीला एवढंच विचारलंस, की गॅस कोणी लावला. आता पुढचं विचार. ती दारात उभी होती. रजिया आपांना बोलवायला वर पळाली, परत आली तेव्हा पप्पा काय करत होते, ते विचार. मम्मीचा पदर कोणी ओढून काढला? पप्पांचे हात कशाने भाजले? तिला समोर बसव, वहिनींना जवळ बसव, पण मध्ये बोलू नकोस. जे सांगेल ते मला मान्य.

आता खोट्याचं. मला दवाखान्यात आणलं तेव्हा सासूबाई कानाशी वाकल्या. "गॅस तू लावलास असं सांग गं पोरी, नाहीतर त्याला नेतील." मी तसंच सांगितलं. म्हणजे तुझा संशय वेड्यासारखा नव्हता. मला खरंच शिकवलं होतं. पण जे लपवायला शिकवलं, तो गुन्हा नव्हता.

तुझ्या मनात अलका आहे, हे मला कळतं. मावशीच्या अलकाला निजामाबादेत सासरच्यांनी जाळलं, ते स्टोव्हचा भडका म्हणून मिटवलं आपण. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोललं नाही. अंत्ययात्रेहून आल्यावर तू अंगणात बसून होतास, जेवला नाहीस, मी पाहिलंय. यावेळी गप्प बसायचं नाही असं तू ठरवलंस. दादा, त्याबद्दल मी तुझ्या पाया पडते. पण अलकाचा हिशेब ह्यांच्याकडून घेऊ नकोस.

सोमवारी ये. मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. माझा पहिला जबाब खोटा होता असं म्हटल्यावर माझं काय होईल ते होवो. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही, सासूबाईंनाही नाही.

फार दुखतंय. पुरे करते.

त्रिवेणी


अंबरपेठ, हैदराबाद,
रविवार, २० मार्च १९९४

प्रिय दादा,

वहिनींचं पत्र मिळालं. तू काही लिहीत नाहीस, पण "तुझे दादा म्हणतात, तू पावसाळ्यापर्यंत इकडेच येऊन राहावंस" एवढं त्यांच्या हातून लिहवून घेतलंस, हे कळलं. घरी येऊन मला आठ दिवस झाले. हात वर जात नाही अजून. मानेवरची कातडी ओढते. रजिया आपा खोबरेल लावून देतात.

त्या सोमवारचं मी रोज आठवते. तू वॉर्डाच्या कडेला हाताची घडी घालून उभा. राणी इन्स्पेक्टरांपुढे. मराठी, तेलुगू, दखनी सगळं एकत्र करून बोलत होती पोर. "पप्पाने साडी ओढली. मम्मीच्या अंगावर हात मारत होते. हात जळत होते तरी मारत होते. आपा ओरडल्या, पानी नक्को, रजई लाओ रजई!" तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस. मग मी माझा जबाब बदलला, आणि सासूबाई स्वतःहून पुढे येऊन म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तिला खोटं बोलायला. मला धरा." इन्स्पेक्टर परेशान झाले. शेवटी कागद फाडले नाहीत, पण सगळ्यांचं नवं लिहून घेतलं, आणि तू तक्रार मागे घेतल्याची सही केलीस. प्रकरण मिटलं.

पण तू जाताना दारात हे उभे होते, दोन्ही तळवे पट्ट्यांत. तू त्यांच्या बाजूने निघून गेलास. ह्यांनी नमस्कारासाठी हात उचलले होते, ते तसेच राहिले.

मी तुला दोष देत नाही. कारण एक गोष्ट तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नव्हती. ती मी जबाबात सांगितली नाही, आणि गेल्या पत्रात "त्याआधीचंही सांगते" म्हणूनही सांगितली नाही.

पदर पेटला, राणी वर पळाली, आणि हे माझ्या अंगावर धावून आले. त्या क्षणी मला अलका दिसली. मी ओरडले, "मला मारू नका, मला मारू नका!" दोनदा. ह्यांच्या तोंडाकडे बघून ओरडले. दादा, तुला जो संशय आला, तो मला तुझ्याआधी आला होता. ह्यांचा हात माझ्या अंगावर होता तेव्हाच.

चौकीत ह्यांना विचारलं होतं, बायको काही बोलली का. "कुछ नहीं बोली, चिल्लाई," म्हणाले. त्या रविवारी तुझ्याबरोबर आलेले एकनाथराव तिथे होते, त्यांच्याकडून कळलं. हे खोटं कोणासाठी बोलले, स्वतःला वाचवायला की माझी अब्रू ठेवायला, ते मला कळेना. घरी आल्यापासून आम्ही समोरासमोर बसतो. मी ह्यांना भरवते, कारण बोटं अजून मिटत नाहीत. घास हातात असतो आणि मधे ते ओरडणं असतं. हेही तोंड उघडतात आणि नजर खाली ठेवतात. नोकरी गेली. साहेब दिल्लीहून आले, दुसऱ्या कोणाकडे जेवले. त्याबद्दल एक शब्द नाही. सासूबाई विचारतात, काय झालंय तुम्हा दोघांना? काय सांगू?

काल दुपारी मात्र माझ्याने राहवलं नाही. राणी शाळेत होती. मी ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "मी काय ओरडले, ते तुम्ही ऐकलं होतं ना?"

मला वाटलं, उठून जातील.

मग म्हणाले, "ऐकलं. म्हणून तर हात काढता येईना. काढला असता तर तू ओरडलीस तेच खरं झालं असतं."

मी रडले. हे नाही रडले. म्हणाले, "नामदेवरावांनी जे केलं, ते माझ्या बहिणीसाठी मीही केलं असतं." आणि मग, "भात गार होतोय."

एवढ्याने सगळं भरून येईल असं मला वाटत नाही. टेबलाबद्दल हे जे बोलले ते बोललेच आहेत, मी जे ओरडले ते ओरडलेच आहे. पण मी देगलूरला येऊन राहणार नाही. आत्ता गेले तर ह्यांना वाटेल, माझं ते ओरडणंच खरं होतं.

त्यापेक्षा तू ये. बोलू नकोस हवं तर. ह्यांच्या समोर बस आणि जेव. ह्यांना मीच भरवीन. त्या वेळी तू मान फिरवू नकोस, एवढंच मागते.

तुझ्यावर कधी न रुसलेली, आणि तू आल्याशिवाय जिच्या मनाला स्वस्थता नाही ती,
तुझी त्रिवेणी