नाकाड्या राजा आणि नऊ खाकी पाकिटं

३ जानेवारी, सकाळ
आजपासून मी नाणेसंग्राहक. ताईने बाबांचं कपाट आवरलं आणि नाण्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे पाठवला. बाबा पुलांचे ओव्हरसियर. जन्म फिरतीत गेला. जातील तिथून कधीतरी एखादं पुराणकाळचं नाणं आणायचे. एकूण नऊ नाणी, नऊ खाकी पाकिटं. घराण्याचा वारसा अखेर योग्य हातांत आला.

बायको म्हणाली, गिटारही योग्य हातांत आली होती. दुर्लक्ष केलं.

४ जानेवारी
नाणी नीट पाहिली. एकावर राजाचं तोंड. नाक एवढं मोठं की थेट कडेला टेकलंय. नाव ठेवलं नाकाड्या. संग्रहाचा हीरो हाच. दुसऱ्यावर घोडा. तिसऱ्यावर जहाज किंवा चप्पल. नववं म्हणजे नुसती झिजलेली चकती, छाप नाही की काही नाही. बाबांना कोणीतरी गंडवलेलं दिसतंय. फारच साधा माणूस.

५ जानेवारी
पाकिटं फेकली. ऑफिसचीच जुनी पाकिटं, काटकसर दुसरं काय. वर पेन्सिलीने मुंगीएवढी अक्षरं. डोळे फोडून एक वाचायला घेतलं. 'पाणी उतरलं. तिसऱ्या खांबाला तडा.' पुढे कोण वाचणार! सगळी पुलांची टिपणं. आत एकेक कागदाचा कपटा, त्यावर नुसतं गिरगटलेलं. पेन्सिलीचं टोक बघत असतील.

नाण्यांना आता प्लास्टिकचा अल्बम. लेबलं मी कॉम्प्युटरवर करणार, ठळक टायपात.

मी उठल्यावर बायको कचऱ्याच्या डब्यात वाकून बघत होती. गेल्या वर्षी माझ्या हातून तिचा पासपोर्ट त्यात गेला, तेव्हापासून मी काही टाकलं की तपासणी होते. नवरा-बायकोत विश्वास हवा.

८ जानेवारी
नाणी काळीकुट्ट होती, लाज वाटेल अशी. भांड्यांचं पॉलिश, जुना टूथब्रश आणि माझे दंड. दोन तासांत आठ नाणी लखलखीत. नवव्यावर मेहनत कोण घेणार? पण त्याच्या कडेने पॉलिशच्या डब्याचं झाकण झकास उघडतं. तिथेच ठेवलं. जगात प्रत्येकाचा काही ना काही उपयोग असतो.

नाकाड्याचं नाक घासताना थोडं कमी झालं. तरुण दिसतो.

११ जानेवारी
नाणेमंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ते घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला सदा भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. म्हटलं, भाषण देतो. विषय: 'एका घराण्याची नऊ नाणी'. त्यांनी विचारलं, नाण्यांची हकिगत ठाऊक आहे ना? कुठून घेतली, कधी, कशासाठी? हकिगत गेली की अर्धं नाणं गेलं, म्हणाले. मी म्हटलं, तोंडपाठ आहे.

२ फेब्रुवारी ठरली. हकिगत तयार करायला तीन आठवडे पुष्कळ झाले.

१५ जानेवारी
ताईचा फोन. बाकीची नाणी खुशाल ठेव, फक्त माझं मला दे, म्हणाली. तुझं म्हणजे कुठलं? तर म्हणे, बाबा घरातल्या प्रत्येक मोठ्या दिवशी एक नाणं घ्यायचे. लग्न झालं तेव्हा, ताई झाली तेव्हा, मी झालो तेव्हा, घराची किल्ली मिळाली तेव्हा. कुठलं कुठल्या दिवसाचं ते पाकिटावर लिहायचे; आतलं नाणं मात्र तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तुला माहीत नव्हतं का रे, तिने विचारलं. मी म्हटलं, अगं, माहीत नसायला काय झालं!

बाबा हे जेवताना सांगायचे म्हणे. मी बहुतेक जेवत असेन.

फोन ठेवला आणि कचऱ्याच्या डब्याकडे धावलो. कचऱ्याची गाडी जाऊन दहा दिवस झाले.

१६ जानेवारी
घाबरायचं कारण नाही. तर्काने सगळं सुटतं. ताई लहानपणी घोड्यासारखी उधळायची, म्हणून घोडा ताईचा. नाकाड्या माझा, आरशात बघितलं की पुरावा मिळतो.

बायकोने दोनदा विचारलं, मला काही सांगायचंय का. काही नाही, म्हटलं. मग ती स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरकडे बघत उभी राहिली. हिचं हल्ली असंच चाललंय.

१९ जानेवारी
ताई आली. मखमली डबीतून घोडा दिला. हेच ते, म्हणालो. आवाज जरासुद्धा हलला नाही. ताईने नाणं मुठीत घट्ट धरलं आणि रडायलाच लागली. ती झाली तेव्हा पूर आला होता, बाबा नदीपलीकडे अडकले होते. आईने दोन दिवस वाट पाहिली. बाबा चिखलाने भरलेले आले आणि खिशात हे नाणं होतं. आई शेवटपर्यंत हेच सांगायची, म्हणाली.

मलाही कसंतरी झालं. पॉलिशचा वास डोक्यात जातो. बायको आत भांडी आपटत होती.

२० जानेवारी
ताईला सांगून टाकावं का? पण ती खूश आहे. दुसऱ्याच्या आनंदात खोट काढणारा मी कोण? सांगायचं. नक्की सांगायचं. भाषणानंतर.

२७ जानेवारी
लेबलं तयार. जहाज म्हणजे आई-बाबांचं लग्न, संसारसागर वगैरे. चप्पल म्हणून कोणी ओळखणार नाही. हकिगती इतक्या छान जमल्या आहेत की मलाच खऱ्या वाटतात.

२ फेब्रुवारी, दुपार
निघालो. कोट घट्ट होतोय, पण रुबाब आहे. ताई आणि बायको पहिल्या रांगेत बसणार आहेत. बायकोची पर्स आज फुगलेली का?

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
माइक चांगला होता.

३ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो. वाचणारा मीच आहे.

सातव्या मिनिटाला भिंगवाल्यांनी नाकाड्या मागितला. भिंग लावून विचारलं, हे घासलं कोणी? मी अभिमानाने हात वर केला. पंचवीस माणसं एकदम 'अरेरे' म्हणाली. जुन्या नाण्यावरचा काळा थर म्हणजे त्याचं वय, तोच मी ब्रशने काढला होता. मग भिंगवाल्यांनी नाणं कडेने फिरवलं. म्हणाले, थर गेल्यामुळे कडेचा सांधा तेवढा उघडा पडलाय. खरं नाणं ठशाने ठोकतात, हे साच्यात ओतलेलं आहे. नकली.

माझं डोकंच फिरलं. माझ्या बाबांना गंडवणारा अजून जन्माला यायचाय, असं माइकमधून ओरडलो. ४ जानेवारीला मी काय लिहिलंय ते इथे बघायला नको.

तेवढ्यात बायको उठली आणि पर्समधून नऊ खाकी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. पाच तारखेलाच डब्यातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. मी आपणहून कबूल करीन म्हणून थांबली होती. ताई त्या दिवशी रडली ते तिला बघवलं नाही, म्हणून परवा ताईला सगळं सांगितलं. म्हणजे माझं अख्खं भाषण ताई सगळं ठाऊक असून ऐकत होती.

आतले कपटे म्हणजे नाण्यांचे छाप. नाण्यावर कागद ठेवून बाबा पेन्सिल घासायचे. भिंगवाले हरखून गेले, नाणी सोडून पाकिटंच बघत बसले. ताईचं पाकीट तिनेच वाचलं. 'पाणी उतरलं. तिसऱ्या खांबाला तडा. मुलगी झाली.' दोन शब्द पुढे वाचलं असतं तर! आतल्या छापात घोडा नव्हता. नुसती झिजलेली चकती.

ती कुठे आहे, ताईने विचारलं. पॉलिशच्या डब्यावर आहे, मी म्हणालो. तेही माइकमध्येच. सगळा हॉल हसला, ताई हसली नाही.

तसेच सगळे घरी आलो, भिंगवालेसुद्धा. चकती होती तिथेच होती. नऊपैकी हे एकच धड राहिलंय, थरासकट, ते म्हणाले. कडेला एक ताजा ओरखडा आहे, तो माझा. ताईला म्हटलं, चुकलो गं. हे मात्र अगदी खरं म्हटलं. तिने घोडा माझ्या हातावर ठेवला, चकती मुठीत घेतली आणि गाढवा म्हणाली. लहानपणी म्हणायची तसंच.

४ फेब्रुवारी
माझं पाकीट आज उघडलं. काल धीर झाला नाही.

आत छाप नाकाड्याचाच. नाक पूर्ण. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, एवढं नोंदवून ठेवतो.

वर मुंगीएवढ्या अक्षरात: 'मुलगा झाला. नाणेवाला म्हणाला, नकली आहे, घेऊ नका. घेतलं. आवडलं.'

तीनदा वाचलं. बायकोने चहा आणून ठेवला.

नाकाड्याला पाकिटात परत ठेवलं. पुसलं नाही.