वाटेवरच्या माणसाची मुलं

बाते दोस पाल्मास,
रविवार, ११ मार्च २०१८

लाडक्या वील्नर,

तुझ्या दोन्ही गालांचे पापे. आम्ही बरे आहोत, आईचा गुडघा सोडून. उद्याच्या बाजाराला मादाम क्लेर्सी पूल ओलांडून हैतीत तुमच्या बाजूला येईल, तिच्याबरोबर हे पत्र आणि डबा पाठवते आहे. ईस्टरच्या आधीचे दिवस, म्हणून घेवड्याची खीर केली. नारळ जरा जास्तच पडलाय. लगेच खा, नाहीतर नासेल.

ऊसतोड जोरात आहे. कारखान्याची राख दिवसभर वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरत असते आणि मी शिवणयंत्रापुढे बसून उघड्या डोळ्यांनी झोपते. मग उसाच्या गाडीतून पापा जाताना दिसतात, मांडीवर गाठोडं. विचारतात, "सोनेलिया, पोचलो का गं आपण?" मी काही बोलायच्या आत गाडी तुऱ्यांत शिरते. तुरे पांढरे, आभाळही पांढरं, कुठे काय संपतं ते कळत नाही. परवा या नादात एका झग्याला तीन बाह्या शिवल्या.

अडतीस वर्षं एकाच मळ्यात ऊस तोडला, त्याच मळ्याच्या कडेला आपण त्यांना पुरलं, तरी हैतीतून आलेले पापा सरकारी भाषेत 'वाटेवर' होते, नुसते इथून पुढे जाणारे. आणि वाटेवरच्या माणसाची मुलं इथली नाहीत, असा निकाल लागला. मला पापांनी कचेरीत नेऊन नोंदवलं, म्हणून मी कशीबशी इथली राहिले. सहा वर्षांनी तू त्याच खाटेवर जन्मलास, तोवर कारकून बदलला होता, नव्याने तुझी नोंद नाकारली.

दुकानात यावरून रोज जुंपते. परवा मिर्ताबाई म्हणाली, "जन्म कुठं का होईना, रक्त बघायचं." दुकानदार फेलोने तराजूवरून मानही उचलली नाही. "मग तुझा नातू न्यूयॉर्कात जन्मला ना? त्याचा अमेरिकी पासपोर्ट देऊन टाक परत." सगळे हसले. मीही हसले आणि घरी येईपर्यंत रडत होते. हीच मिर्ताबाई तुझ्यासाठी दर रविवारी मेणबत्ती लावते, हेही लिहायला हवं.

वील्नर, एका प्रश्नाचं उत्तर मी तीन पत्रं टाळलं. परक्यांच्या यादीत तुझं नाव कुणी घातलं? कारकुनाने घातलं असेल, असं तूच ठरवलंस आणि मी गप्प राहिले.

नवा कायदा आला तेव्हा नोंद नसलेल्यांनी आधी आपण परके आहोत असं लिहून द्यायचं होतं. मग दोन वर्षांनी नागरिकत्व मागायचं. तू म्हणालास, "ताई, माझ्याच घरात पाहुणा म्हणून नाव लिहू?" आणि सायकल काढून निघून गेलास. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी तुझा फोटो घेऊन रांगेत उभी राहिले. भाऊ कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हटलं, बाहेर उभा आहे. तुझी सही मला येत होती, पहिल्या अक्षराच्या लांब शेपटीसकट.

मला वाटलं, दोनच वर्षांचा प्रश्न आहे. गेल्या जूनमध्ये शिपायांनी तुला बसमधून उतरवून पुलापलीकडे धाडलं, तेव्हा तोच कागद तुझ्यापुढे धरला ना? तूच लिहून दिलंयस, म्हणाले.

वकीलबाई म्हणतात, ती सही तुझी नाही हे सिद्ध झालं तर तुला परत आणायच्या खटल्यात जीव येईल. ते सांगू शकणारी मी एकटी. सांगितलं, तर खोट्या सहीचा गुन्हा माझ्यावर, आणि मग माझेही कागद उकरून काढतील. नऊ महिने मी शिवत बसले. घाबरले होते, दुसरं काही कारण नाही.

गुरुवारी न्यायाधीशांपुढे जाते आहे. आईला सांगितलं. शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "दोघं पाठोपाठ जाऊ नका म्हणजे झालं."

माफी मागत नाही, ती पत्रातून मागायची गोष्ट नाही. परत आलास तर माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ये.

तुला परका लिहून देणारी,
तुझी सख्खी बहीण,
सोनेलिया