शेठची लघवी

ती. आक्कास,

धाकट्या केसरीनाथचा पाया पडून नमस्कार. इकडे पूर्णा गावी आम्ही सगळे जिवंत आहोत, मीसुद्धा. हे मुद्दाम लिहितोय, कारण तू माझ्यासाठी नवस बोललीस असं कानावर आलं. मागे घेता येत असेल तर घे, मला काही झालेलं नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि आमच्याकडचा सगळा घोळ स्पीकरमुळेच झाला. (तुझ्या माळाबद्दल तुला दोन शब्द लिही म्हणून तुझा धनेश माझ्या मागे लागलाय. गोदामासाठी द्यायचा की गवताला ठेवायचा, ते शेवटी लिहितो. आधी लघवीचं उरकतो.)

तर लघवी अडकली ती शेठची, आणि शेठ म्हणजे मी नव्हे. शेठ म्हणजे ससा. कुणालने क्षितिजाला वाढदिवसाला आणून दिला. नात खूश, मुलगा ड्युटीवर, सून ड्युटीवर, म्हणजे ससा माझ्या गळ्यात. दिवसभर ओट्यावर बसून गोदामाच्या फाटकाकडे बघत चघळत असतो, काम शून्य, म्हणून ट्रकवाल्यांनी त्याचं नाव शेठ ठेवलं. आता इथे ज्याच्या जमिनीवर गोदाम, तो शेठच. मलाही ते शेठच म्हणतात. कोणी हाक मारली की आम्ही दोघेही मान वर करतो. (आधी पाहतात त्याच्याकडे.)

लाडाचं म्हणशील तर तुझ्या भावजयीने, कमळने, त्याला चपाती दिली, बिस्किटं दिली, पालकाच्या जुड्या दिल्या. कुणालने दुकानातल्या तयार गोळ्यांची वाटी भरून ठेवली, ती कधी रिकामी होऊ दिली नाही. मी गाजरं दिली, कारण चित्रातला ससा गाजरच खातो. गवत तेवढं कोणी दिलं नाही. देणार कुठून? आपल्या शेतात आता काँक्रीट उगवतं. मग त्याची लघवी दाट, पांढरी, चुना कालवल्यासारखी व्हायला लागली. आम्ही फडकं घेऊन पुसत राहिलो. आणि एका सकाळी तो पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसला, सारखा जोर करी आणि थेंब येईना. क्षितिजा त्याच्या शेजारी फरशीवर बसली ती दुधालाही उठली नाही. आक्का, खरं सांगतो, पोरीचा चेहरा बघून मी त्याला ठाण्याच्या दवाखान्यात न्यायला टोपली शोधायला उठलो.

अशा वेळी कमळने आपल्या बहिणीला फोन लावला. ‘शेठची लघवी अडकलीय गो! कोपऱ्यात बसून हाय, कुनाला हात लावू देत न्हाय, खात न्हाय, पित न्हाय!’ बहीण लग्नघरात, फोन स्पीकरवर. मी टोपली शोधून बाहेर येतोय तोवर अंगणात माणसं. कोणी कुळथाचं कढण आणलं, कोणी पानफुटीची पानं, कोणी शहाळी. गोदामाचा मॅनेजर येऊन हळूच म्हणाला, ‘शेठ, बीअर लो, पत्थर निकल जाएगा.’ मी म्हणतोय, मला होते, व्यवस्थित होते. पण आक्का, आपल्याला लघवी होते असं माणूस जितकं ओरडून सांगेल तितकी लोकांची खात्री पटते की होत नाही. शेवटी वाट मोकळी व्हावी म्हणून मी कढण प्यालो. दोन शहाळीही प्यालो. त्याचे परिणाम कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर भोगले. मांडीवर टोपली, टोपलीत तो, दोघांचीही अडचण एकच, कारणं तेवढी उलटी.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाई चांगल्या. त्यांनी त्याला सलाईन लावलं, मूत्राशय धुतलं, गाळच गाळ निघाला. आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचला नसता, म्हणाल्या. सशाचं म्हणे वेगळंच असतं. खाल्लेलं कॅल्शियम तो सगळं ओढून घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो, पाणी कमी पडलं की त्याचा गाळ होतो. म्हणून दिवसभर सुकं गवत, तेही त्याच्या अंगाएवढं ढीगभर, भांड्यात भरपूर पाणी, थोडा हिरवा पाला, गोळ्या चमचाभर, आणि चपाती-बिस्किटं बंद. परत असंच खाल्लं तर परत अडकेल, आणि दर वेळी वाचेलच असं नाही.

कुणालने लगेच मोबाइलवर गवत मागवलं. (हो, गवत. विकत. आपण!) ते विलायती पाकीट आपल्याच खाचरावरच्या गोदामात पडून होतं. तिथून ते ठाण्याला गेलं, ठाण्याहून परत आमच्या दारात आलं, आणि उघडलं तर लसूणघास. डॉक्टरीणबाईंनी फोनवरच सांगितलं, मोठ्या सशाला हा नको, यात कॅल्शियम जास्त. कमळने त्यातलं ‘लसूण’ तेवढं ऐकलं, तेव्हापासून आमच्या आमटीत लसूण नाही. मी भांडत नाही. मी दमलोय.

कळावे. मुलांना आशीर्वाद. नवसाचं बघ.

तुझा,
केसरीनाथ

ता. क. धनेशच्या हाती तुझ्या माळावरच्या सुक्या गवताचे दोन भारे पाठव. सावलीत वाळलेलं, बुरशी न लागलेलं. पोरगी वाट बघतेय.

ता. क. दुसरा. माळाचं. पार्टी चांगली आहे, धनेश म्हणतो ते बरोबर आहे, सही कर. मी त्याला शब्द दिला होता की आक्काला असं लिहीन, त्याप्रमाणे लिहिलं आहे. पत्र त्याला इथपर्यंत दाखव.

ता. क. तिसरा. (ही चिठ्ठी वेगळ्या कागदावर आहे, ती दाखवू नकोस.) सही कर, पण शेठ आहे तोवर नको, त्याला गवत लागेल. तो आत्ता दोन वर्षांचा आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, चांगलं गवत मिळत राहिलं तर ससा दहा वर्षंसुद्धा जगतो.