राक्षसाचा गूळ

बाबा, गेली चार वर्षं मी रविवारी दुपारी एक खेळ चालवत होतो. तुम्ही असतात तरी हे तुम्हाला सांगितलं नसतं. साकोलीच्या ज्या कॉलेजात मी लिपिक आहे, तिथं संगणक शिकवायला नागपूरहून एक सर आले. त्यांच्याकडे इंग्रजीतलं एक जाड पुस्तक होतं आणि वीस बाजूंचा फासा. टेबलाभोवती चौघांनी बसायचं. तिघांनी एकेक सोंग घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. चौथ्यानं उरलेलं सगळं जग व्हायचं: राजा, दुकानदार, वाघ, नदीचा पूर. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. चौथ्याच्या पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा असतो, त्याचा फासा त्यामागे पडतो आणि त्याचा आकडा फक्त त्यालाच दिसतो. मी एक अख्खा उन्हाळा शब्दकोश घेऊन ते पुस्तक वाचलं आणि चौथा झालो. मला ती दंडारच वाटली, आपल्या गावची सोंगं घेऊन करायच्या नाटकाची, फक्त बसून करायची. आणि या दंडारीतून मला हाकलणारं कोणी नव्हतं.

खेळायला ते सर, शेजारचे मेडिकल दुकानवाले आणि आपला धाकटा. धाकटा गावाहून मोटरसायकलनं यायचा, कधी डब्यात अंबाडीची भाजी घेऊन. पहिल्याच दिवशी फासा हातात घेऊन त्यानं विचारलं, "भाऊ, ही कोनती गोटी?" आणि फासा टेबलाखाली गेला तेव्हा दोघं मोठी माणसं खाली वाकून शोधत बसली. तुमच्यानंतर आम्ही दोघं भाऊ एवढं हसलो नव्हतो. त्याची बायको त्याला म्हणायची, धानाचं रोवणं सोडून पोरासारखे खेळाले जाता. तरी तो यायचा.

तुम्हाला दिवाळीनंतरच्या मंडईची, त्या जत्रेतली ती दुपार आठवत होती का, हे मी कधी विचारलं नाही. मी दहावीत होतो. दंडार तुमची, राक्षस दरवर्षी तुम्हीच. त्या वर्षी तुम्ही मला दुष्ट कोतवाल दिलात, हातात अंबाडीचा वळलेला कोरडा. भक्त राजाला तीन फटके हवेत मारायचे होते. पहिला हवेत मारला. समोर जिलबीच्या दुकानापर्यंत माणसं उभी होती, कोणीतरी शिट्टी वाजवली. दुसरा मी अंगावर मारला. पुन्हा शिट्टी. तिसरा मी मोजून, दात खाऊन मारला, आणि मला बरं वाटलं. हे मी तेव्हाही नाकारलं नाही. आपल्या दंडारीची रीत होती: आरती झाली की ज्यानं दुष्टाचं सोंग घेतलं त्यानं तोंडाचा रंग न पुसता, ज्याला छळलं त्याच्या पाया पडायचं, "खेळातलं खेळात" म्हणायचं, आणि त्यानं याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा. मग रंग धुवायचा. तुम्ही स्वतः राक्षसाचं तोंड घेऊन सालगड्याच्या पाया पडताना मी पाहिलं होतं. मीही वाकलो. राजा झालेल्या काकानं पाठ चोळत गूळ पुढं केला. तुम्ही त्याची मूठ धरली आणि मिटवली. सगळ्या गावासमोर म्हणालात, "याले नोको देऊ. याले राक्षस चढते."

आईनं घरी जवसाच्या तेलानं माझा रंग पुसला. तुम्ही पुढं त्यावर कधी बोलला नाहीत, रागावलाही नाहीत. फक्त पुढं धाकटा मोठा झाल्यावर कोतवाल त्याला दिलात. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी मी सहा दिवस बसलो. रोज वाटायचं, आज बोलाल. शेवटच्या दिवशी तुम्ही खाकरून घसा साफ केलात, मी पुढं वाकलो, आणि तुम्ही विचारलंत, "खालच्या बांधीत धानाले पानी पोचलं का?"

तीन वर्षं आमच्या खेळातली सोंगं चांगली होती. गावं वाचवून सगळे कंटाळले. मेडिकलवाले म्हणाले, एकदा वाईट होऊन पाहू, चांगलं तर आपण दुकानात रोजच असतो. मी घाबरलो. देवापुढं दिवा लावताना दोन दिवस तोच विचार. मग मी एक अट घातली. दर रविवारी खेळ संपला की ज्यांना यांनी लुटलं, मारलं, त्या सगळ्यांच्या वतीनं मी तिघांना गूळ देणार, आणि तो खाल्ल्याशिवाय कोणी उठायचं नाही. संगणकाचे सर हसले, पण धाकट्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि आधी त्यानंच तोंड उघडलं. वर्षभर ती रीत चालली. काय काय केलं त्यांनी! देवळाचा कळस विकला, मित्राला धरून दिलं, पूल जाळला. आणि शेवटी तिघं मोठी माणसं गुळासाठी तोंड उघडून बसायची. मला अभिमान वाटायचा, बाबा. वाटायचं, माझ्या दंडारीत गूळ कोणाला नाकारत नाहीत. तुमच्यापेक्षा मी बरा.

मग मी ते गाव रचलं. तिघांना तलाव फोडून गाव बुडवायचं होतं, आणि तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, एक म्हातारा पाणी सोडायची मोरी राखत बसलेला. त्याला मी तुमचं खाकरणं दिलं. कानाला गुंडाळलेलं उपरणं दिलं. बोलताना डोळे पाण्याकडे ठेवायची सवय दिली. ठरवून केलं नाही, असं मी स्वतःला महिनाभर सांगत होतो. त्या रविवारी धाकट्याच्या योद्ध्यानं म्हाताऱ्याला धरलं, धाकट्यानं माझ्याकडून त्याच्या उपरण्याचं वर्णन ऐकलं आणि तो म्हणाला, "मी याले सोडून देतो. पळू दे बुढ्याले." खेळात अशी मुभा असते. पण मेडिकलवाल्यांच्या चोरानं धनुष्य उचललं होतं, म्हणून म्हातारा पाळीवरून निसटतो की नाही ते फाशानं ठरायचं, आणि म्हाताऱ्याचा फासा माझा. मी तो आडोशामागे टाकला. मोठा आकडा आला तर सुटला. मी म्हणालो, चार. म्हातारा शेवाळावर घसरला, पाठीत बाण लागला.

एवढ्यावर थांबता आलं असतं. मी नाही थांबलो. मी त्या म्हाताऱ्याला बराच वेळ मरू दिलं. तुमच्या आवाजात खाकरलो, आणि त्याच्या तोंडून वदवलं, "पोरा, माहं चुकलं. तुले गूळ द्याले पायजे होता." सरांना काही कळलं नव्हतं, त्यांना फक्त सोंग फार छान वठलं असं वाटलं, तसं ते म्हणालेही.

मी डबा उघडला, दोघांना गूळ दिला. धाकट्यापुढं हात केला तर त्यानं माझी मूठ धरली आणि मिटवली. अगदी तशीच. त्याला ती दुपार कशी आठवणार, तो नऊ वर्षांचा होता. पण आठवत होती.

"भाऊ, तो बुढा बाबा होय न?"

मी म्हणालो, "खेळातलं खेळात."

"खेळात बाबाले मारलं असतं तं मी काई म्हनलो नसतो. मेल्या मानसाकून माफी वदवून घेतली तुनं." मग गाडीची किल्ली उचलत, हळूच, "माह्या हातानं बाबाले धरून."

त्यानंतर तो आला नाही. रविवारचा खेळ मोडला. सरांनी दोनदा विचारलं, मी कामाचं निमित्त सांगितलं. पितृपक्षात तुमची तिथी आम्ही दरवर्षी गावी मिळून करत आलो. यंदा त्याचा निरोप आला, आम्ही इकडे करतो, तुम्ही तिकडे करा. तुम्ही. जन्मात त्यानं मला तुम्ही म्हटलं नव्हतं. मी इथं गच्चीवर पान ठेवलं. कावळा आला, त्यानं भात खाल्ला, वडा उचलला. एवढ्या सहज की मलाच राग आला.

बाबा, तुम्ही माझ्याशी वाईट वागलात. दहावीतल्या पोराला गावासमोर राक्षस म्हणून तसंच घरी पाठवायचं नसतं; राक्षस चढत असेल तर गूळ त्यालाच आधी द्यायचा असतो. हे मी आजही म्हणतो आणि देवापुढंही म्हणेन. पण तुम्ही जे पाहिलं ते खोटं पाहिलं नव्हतं, आणि हे मला जास्त कडू लागतं.

खरं तर हे पत्र धाकट्याला लिहायला बसलो होतो. गुळाच्या पुडीबरोबर त्याच्या हातात ठेवायचं, पाया पडायचं, धाकटा असला तरी. तो कदाचित तोंड उघडेल. त्याला वाटतं म्हातारा फाशानं मेला, मी फक्त त्याच्या मरणाचं सोंग लांबवलं. तेवढं तो कधीतरी पोटात घालेल. म्हणून हे त्याला देणार नाही, तुमच्या नावानं लिहून गुळाच्या डब्यात ठेवतो.

त्या दिवशी आडोशामागे एकोणीस पडले होते.