पुंगोलच्या स्वयंपाकघरातलं सत्तांतर

प्रिय दादा,

वॉशिंग्टनमधल्या तुझ्या संस्थेत बसून तू इराकला लोकशाही द्यायचे लेख लिहिलेस, तिथवर ठीक होतं. पण सुट्टीवर इथे सिंगापुरात, पुंगोलला येऊन माझं स्वयंपाकघर सासूबाईंच्या हुकूमशाहीतून सोडवायला तुला सांगितलं कोणी? सासूबाई कपाटात काहीतरी लपवतात म्हणालास. सगळं उपसल्यावर निघाला उपासाचा साबुदाणा! त्या रागावून जुरोंग ईस्टला मोठ्या दिरांकडे गेल्या. "आता सगळं आपोआप सुरळीत होईल," म्हणत तू विमानात बसलास.

आता नवरा पुरणपोळीच्या तव्यावर ऑम्लेट करतो. लेक इरा इथल्या पोरांच्या ढंगात "व्होट घेऊ या, लाह!" म्हणत रोज नूडल्स निवडून आणते. काल मीच सासूबाईंना आणायला गेले. परत यायला त्यांनी अटी घातल्यात.

हे पत्र पाठवत नाही. वाचलंस तर पुन्हा मदतीला येशील.

तुझी मुक्त झालेली बहीण,
संजीवनी