नावं कोणी दिली

कसाल,
ता. ९ जानेवारी २०२५

ती. राधामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज वाचायला तू चष्मा लावत नाहीस. पत्राला मात्र लावतेस, म्हणून मी पुन्हा पोस्टात. पोस्टातल्या बाईंना वाटतं माझं लग्न ठरलंय.

जितेंद्रदादाने मला शिलाई कंपनीत लावून दिलं ते तुला माहीत आहेच. त्याच्याच लाइनवर मी जाकिटांच्या बाह्या जोडते. जाकिटं थेट युरोपात जातात. हल्ली तासाचं टार्गेट वाढवलंय आणि संध्याकाळी सुटीनंतर थांबवून घेतात. जादा वेळेची मजुरी कायद्याने दुप्पट हवी, ती साध्या दरानेच मिळते. मूळ पगारही सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी आहे. शेजारच्या मशीनवरची सारिका परवा म्हणाली, आमच्याच कामाचा मागूक आमी कित्याक भियाचा? तेव्हापासून जेवणाच्या सुटीत आम्ही बाया एकत्र बसतो. युनियन करायचं ठरलंय.

दादा सुपरवायझर, म्हणजे तो कंपनीच्या बाजूला. दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर तू रागावली असतीस, म्हणून आधीच लिहिते.

माझ्यावरची माया आहे तशी ठेव.

तुझी,
पूजा

---

आचरा,
ता. १८ जानेवारी २०२५

चि. पूजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नारळ पाडून झाले. बांगडा मिळतोय, पण तू नाहीस तर एकटीसाठी तिखला करायचा कंटाळा येतो. एवढी जाड जाकिटं घालणारी माणसं कुठे राहतात गो? आपल्याकडे अंगावर पदरसुद्धा नको होतो.

तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे आलीस, तेव्हापासून मी माझी पोरं दोन धरली, जितू आणि तू. एकाला गेटच्या आत आणि एकीला बाहेर बघायची पाळी माझ्यावर आणू नका. जितूच्या बायकोला दिवस गेलेत. त्याची नोकरी गेली तर कठीण होईल. तुमचं मागणं खोटं नाही, हेही मला कळतं. तेव्हा मागा, पण त्याची मान खाली जाईल असं काही करू नको.

वेळेवर जेव. मावशीचा विसर पडू देऊ नको.

तुझी,
मावशी

---

कसाल,
ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नको. मी सध्या खोलीवरच आहे. सारिका आणि आणखी काही जणीही घरी आहेत. काम कमी आहे म्हणून कंपनीने थोडे दिवस थांबायला सांगितलंय. आम्ही ओरोसच्या कामगार कार्यालयात अर्ज दिलाय आणि जाकिटाच्या लेबलवर ज्या परदेशी कंपनीचं नाव असतं तिलाही कळवलंय. इंग्रजी कुडाळच्या युनियनवाल्या ताईंनी लिहून दिलं.

दादा बरा आहे. वहिनीही बरी आहे. तू काळजी करू नको आणि इकडे यायचं तर मुळीच मनात आणू नको.

लोभ वाढता असू दे.

तुझी,
पूजा

---

आचरा,
ता. १७ फेब्रुवारी २०२५

चि. जितेंद्रास,
आशीर्वाद.

पूजाने काम कमी आहे असं लिहिलंय. काम कमी असताना बाकीच्यांना सुटीनंतर थांबवून घेतात, असं बाजारातल्या बायांनी मला, ऐकू येत नाही म्हणून, पाटीवर लिहून दाखवलं. युनियनमध्ये बसणाऱ्या बायाच नेमक्या घरी बसल्या. त्यांची नावं कोणीतरी दिली असणार. पूजाने तुझ्याबद्दल एक अक्षर वाकडं लिहिलेलं नाही, त्यावरूनच मला शंका आली.

येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने मी येते. तुझ्या घरी नाही, कंपनीच्या गेटवर. सुनेला सांग, जड उचलू नको.

तुझी,
आई

---

कसाल,
ता. २ मार्च २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुझ्याशी धड बोलता आलं नाही. गेटसमोर बसलेल्या तुला वॉचमन उठ म्हणून ओरडत होता आणि तू त्याच्याकडे बघून हसत होतीस. मॅनेजर स्वतः बाहेर आले, तर त्यांना म्हणालीस, माका आयकाक येना नाय, माझ्या झिलाक, जितूक, भायर धाडा. अख्खी लाइन खिडकीत आली होती.

मग मला विचारलंस, नावां तूच दिलीस? तोंडाने उत्तर द्यायचं असतं तर मी काहीतरी सावरून बोललो असतो. पण तुला ऐकू येत नाही, म्हणून मान हलवावी लागली, आणि ती सगळ्यांनी पाहिली. गेटबाहेर तुझ्यामागे उभ्या असलेल्या पूजानेही. तिला आधीच माहीत होतं, तरी ती तुला बोलली नव्हती.

मॅनेजरनी नावं मागितली तेव्हा मला येणारं बाळ आठवलं. आठवायला नको होतं असं मी म्हणत नाही. पण नावं दिली ती मीच.

गेल्या गुरुवारी लेबलवाल्या परदेशी कंपनीचा माणूस तपासणीला आला. या बाया आपणहून सोडून गेल्या असं त्याला सांग, असा मला हुकूम होता. मी सांगितलं, गेल्या नाहीत, आम्ही त्यांना गेटवर अडवलं. मॅनेजर समोरच होते.

दुसऱ्या दिवशी मला सुपरवायझरवरून काढून पॅकिंगच्या टेबलावर उभं केलं. पगार कमी झाला. घरात सांगितलं, तुझी सून थोडी रडली, मग म्हणाली, निदान रात्री झोपलास तरी.

रागावली असलीस तरी पत्र टाक.

तुझा,
जितू

---

कसाल,
ता. २१ मार्च २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळ्या कामावर परत रुजू झालो. जादा वेळेची मजुरी या महिन्यापासून दुप्पट मिळेल असं नोटीस बोर्डावर लागलंय. मूळ पगाराचं अजून अडलेलंच आहे. परदेशी कंपनी म्हणते, इथल्या मालकाने वाढवावा. मालक म्हणतो, त्यांनी जाकिटाचा भाव वाढवावा. कामगार कार्यालयात पुढची तारीख एप्रिलची पडलीय. आम्ही जाणार आहोत.

काल देवळाच्या सभामंडपात आमची बैठक होती. दादा आला आणि पायरीवरच उभा राहिला. म्हणाला, पॅकिंगचा कामगार म्हणून मला सभासद करून घ्याल का? एकीने सरळ सांगितलं, ह्याच्यामुळे माझी चूल बंद होती. ते खरंच होतं. मला भाऊ म्हणून त्याची बाजू घ्यावीशी वाटली, पण मी गप्प राहिले. त्याला घ्यायचं की नाही हे माझ्या एकटीच्या हातात नव्हतं.

शेवटी सारिका उठली. मुलीची शाळेची सहल तिला पगार नव्हता त्या दिवसांत चुकवावी लागली होती. ती त्याला म्हणाली, भितूर ये, पण फाटी बस.

दादा आत आला आणि शेवटच्या खांबाला टेकून बसला. निघताना सतरंजी त्यानेच गुंडाळली.

पत्राची वाट बघते. माया असू दे, आमच्या दोघांवर.

तुझी,
पूजा